भिंगावरील लेप आणि हातरुमाल

भांडें घासावें तितकें उजळतें, हा घरोघरचा अनुभव आहे. पितळेचें तपेलें चिंचेच्या कोळानें घासलें कीं सोन्यासारखें दिसूं लागतें. आरसा पुसला कीं चेहरा स्वच्छ दिसतो. चष्म्याची कांच धुरकट झाली कीं गृहस्थ धोतराचा सोगा पुढें करतात आणि गृहिणी पदर. स्वच्छता म्हणजे घासणें, हें समीकरण इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, घासण्यानें एखादी वस्तु बिघडेल असा संशयहि सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. छायाचित्राच्या कॅमेऱ्याचें भिंग आणि त्याच्यापुढें बसवावयाचा फिल्टर हे ह्या नियमाचे अपवाद होत. त्यांतहि गंमत अशी कीं, मळलेली कांच स्वच्छ कांचेपेक्षां अधिक प्रकाश आंत सोडते, ह्या एका चमत्कारिक निरीक्षणापासून ह्या अपवादाचा इतिहास सुरू होतो.

कांच पारदर्शक असते अशी समजूत आहे आणि ती बऱ्याच अंशीं खरीहि आहे. पण रात्रीं दिवा लावलेल्या खोलींतून खिडकीबाहेर पाहिलें तर बाहेरच्या अंधाराऐवजीं खोलींतलें कपाट, टेबल आणि पाहणाऱ्याचें स्वतःचें तोंडच कांचेंत दिसतें. हवेंतून कांचेंत शिरतांना आणि कांचेंतून हवेंत निघतांना प्रकाशाचा कांहीं भाग मागें फिरतो. साध्या कांचेच्या बाबतींत हा भाग प्रत्येक पृष्ठाशीं शेंकडा ४ च्या आसपास असतो. खिडकीच्या तावदानाला दोनच पृष्ठें. तेथें ही गळती कोणी मोजीत नाहीं. कॅमेऱ्याच्या भिंगांत मात्र चार, सहा किंवा त्याहून अधिक कांचा एकामागें एक बसविलेल्या असतात. हवेला भिडणारीं पृष्ठें आठ असलीं तर शंभर भाग प्रकाशापैकीं जेमतेम ७२ भाग सरळ वाटेनें फिल्मपर्यंत पोंचतात. उरलेल्यांपैकीं जो बाहेर निघून जातो तो एक परवडला. परंतु जो दोन कांचांच्या मध्यें इकडून तिकडे आपटत अखेर फिल्मवर येऊन पडतो, तो चित्राचा खरा वैरी. काळ्या जागीं राखाडी झांक येते आणि एका दिव्याशेजारीं दुसऱ्या दिव्याचें भूत उमटतें.

ह्या भटक्या प्रकाशानें चांगल्या चांगल्या रचनांचा घात केला. जर्मनींतील येना येथील त्साइस कारखान्यांत पाउल रुडोल्फ ह्यानें १८९६ सालीं ‘प्लानार’ नांवाचें सहा कांचांचें भिंग रचिलें. गणिताच्या दृष्टीनें तें उत्कृष्ट होतें. पण हवेला भिडणारीं त्याचीं पृष्ठें आठ होतीं आणि त्यामुळें चित्रें फिकट येत. त्याच कारखान्यांत १९०२ सालीं तयार झालेलें ‘टेसार’ हें चार कांचांचें व सहा पृष्ठांचें. तें जगभर खपलें, आणि प्लानार कित्येक दशकें मागें पडलें. भिंगाचा रचनाकार किती कांचा वापरूं शकेल हें त्याच्या बुद्धीवर नव्हे, तर कांचेच्या चकाकीवर अवलंबून होतें.

ह्या चकाकीवरील उपाय प्रथम दिसला तो रोगाच्या वेषांत. योजेफ फ्राउनहोफर ह्या जर्मन कांचकारास १८१७ सालींच असें आढळलें होतें कीं, आम्लानें खाल्लेल्या कांचेवर रंग दिसतात आणि तिची चकाकी कमी होते. पुढें १८८६ सालीं इंग्लंडांत लॉर्ड रॅले हे कांचेवरून परतणाऱ्या प्रकाशाचें मोजमाप करीत असतां, जुन्या कांचेवरून गणितानें सांगितल्यापेक्षां कमी प्रकाश परततो आणि नव्यानें झिलई दिली कीं तो वाढतो, असें त्यांच्या प्रत्ययास आलें. हवेंत वर्षानुवर्षें राहिलेल्या कांचेवर एक सूक्ष्म पुट चढतें आणि तेंच हा फरक घडवितें, हें उघड होतें. तथापि हीं निरीक्षणें प्रयोगशाळेच्या वह्यांत राहिलीं.

तीं धंद्यांत आणणारा मनुष्य म्हणजे यॉर्क येथील कुक आणि पुत्र ह्या दुर्बिणीच्या कारखान्यांतील हॅरल्ड डेनिस टेलर. तीनच कांचांचें ‘कुक ट्रिप्लेट’ हें प्रसिद्ध भिंग १८९३ सालीं रचणारा तो हाच. दुर्बिणीच्या फ्लिंट कांचेवर कालांतरानें तपकिरी-निळसर डाग चढत आणि मालकांचा जीव खालीं-वर होई. एवढ्या किंमतीची वस्तु नासली, असें त्यांना वाटे. टेलरनें त्या भिंगांतून जाणारा प्रकाश मोजून पाहिला तों काय, डागाळलेलें भिंग नव्या भिंगापेक्षां अधिक प्रकाश देत होतें! १८९० नंतरच्या दशकांत त्यानें दुर्बिणींवरील आपल्या पुस्तकांत मालकांना धीर दिला कीं, हा डाग शत्रु नसून मित्र आहे. ज्यांनीं त्यापूर्वींच हौसेनें घासूनपुसून तो काढून टाकला असेल, त्यांनीं पदरमोड करून आपलेंच नुकसान करून घेतलें म्हणावयाचें. १९०४ सालीं टेलरनें रसायनांनीं असा डाग मुद्दाम चढविण्याचें पेटंट घेतलें. परंतु प्रत्येक जातीची कांच निराळी. एकीवर पुट सारखें बसे तर दुसरीवर नीट बसेना. धंदा म्हणून ती कृति रुजली नाहीं.

डागानें प्रकाश वाढावा कसा? साबणाच्या फुग्यावर किंवा पावसांत डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग खेळतात, त्यांतच ह्याचें उत्तर आहे. पातळ थराच्या वरच्या पृष्ठावरून एक लाट परतते व खालच्या पृष्ठावरून दुसरी. थराची जाडी प्रकाशलहरीच्या एक चतुर्थांशाइतकी असली कीं दुसरी लाट पहिलीपेक्षां अर्ध्या लहरीनें मागें राहते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यांत बसतो आणि दोघी एकमेकींस नाहींशा करतात. परतणारा प्रकाश नाहींसा झाला म्हणजे तो हरवत नाहीं. तो कांचेंतून पुढें जातो. ह्यासाठीं थर किती जाड हवा, तर मिलिमीटरच्या सुमारें दहाहजाराव्या भागाइतका. शिवाय त्याची वक्रीभवनशक्ति हवा व कांच ह्यांच्या दरम्यानची हवी. साध्या कांचेसाठीं १.२२ चा पदार्थ आदर्श ठरतो; पण इतक्या कमी अंकाचा टिकाऊ घन पदार्थ मिळणें दुरापास्त. मॅग्नेशियम फ्लोराइडचा अंक १.३८ आहे, आणि त्यावरच जगानें समाधान मानिलें. त्याच्या एका थरानें शेंकडा ४ चें परावर्तन सव्वा ते दीडावर येतें.

हें घडवून आणण्याची कृति १९३५ ते १९३८ ह्या तीन-चार वर्षांत अनेक हातांनीं जवळजवळ एकदमच सांपडली. त्साइस कारखान्यांतील अलेक्झांडर स्माकुला ह्या युक्रेनी वंशाच्या शास्त्रज्ञानें निर्वात पात्रांत फ्लोराइडची वाफ करून ती भिंगावर बसविली. त्याच्या पेटंटचा अर्ज १९३५ चा. युद्धोपयोगी गुपित म्हणून जर्मन सरकारानें तें झांकून ठेविलें. कॅलिफोर्नियांत जॉन स्ट्राँग ह्यानें १९३६ सालीं अशीच रीत प्रसिद्ध केली. १९३८ च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधील कार्टराइट व टर्नर ह्या दोघांची कृति जाहीर झाली. आणि त्याच सुमारास न्यूयॉर्क संस्थानांतील स्केनेक्टडी येथें जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेंत कॅथरिन ब्लॉजेट ह्या विदुषीची ‘अदृश्य कांच’ वर्तमानपत्रांत गाजली.

ब्लॉजेटबाई १९२६ सालीं केंब्रिज येथें पदार्थविज्ञानांत डॉक्टर झाल्या; त्या विद्यापीठांत ह्या विषयाची ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या अर्विंग लँगम्यूर ह्यांच्या त्या सहकारी. त्यांची रीत एखाद्या सुगरणीच्या कामासारखी शांत आणि चिकाटीची होती. पाण्यावर बेरियम स्टिअरेट नामक साबणासारख्या पदार्थाचा एकाच रेणूच्या जाडीचा तवंग पसरावयाचा, आणि त्यांतून कांच हळुवार खालीं-वर बुडवावयाची. दर खेपेस एक थर चढे. असे ४४ थर झाले म्हणजे नेमकी हवी ती जाडी साधे आणि कांचेची चकाकी लोपे. जगांत इतकी नाजूक मोजणी तोंपर्यंत फारशी कोणीं केली नव्हती. पण ह्या सुंदर कांचेंत एक गोम होती: बोट फिरविलें कीं तो लेप पुसून जाई. वाफेनें बसविलेल्या पहिल्या लेपांची गोष्टहि फारशी निराळी नव्हती. येथून पुढें भिंगाचा इतिहास आणि पुसण्याचा इतिहास हे एकच होऊन बसले.

दुसऱ्या महायुद्धानें ह्या प्रश्नाची घाई केली. पाणबुडीच्या परिदर्शकांत कांचांची रांगच्या रांग असते. तेथें लेपावांचून पहांटेच्या अंधुक उजेडांत जहाज दिसेना. पण सैनिकाच्या हातांतील दुर्बीण हळदीकुंकवाच्या करंड्यासारखी जपून वापरली जाणें शक्य नव्हतें. लेप देण्यापूर्वीं निर्वात पात्रांतच भिंग दोन-तीनशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें तर मॅग्नेशियम फ्लोराइड कांचेला घट्ट धरून बसतें, हें युद्धकाळांत अमेरिकेंत सिद्ध झालें, आणि ‘कठीण लेप’ जन्मास आला. तापविणें न सोसणाऱ्या, चिकटविलेल्या कांचांवर मात्र मऊ लेपच देत. म्हणून कित्येक कारखाने आंतल्या पृष्ठांनाच लेप देऊन बाहेरचें पृष्ठ तसेंच ठेवीत. बाहेरचें पृष्ठ कोणाच्या हातीं लागेल ह्याचा भरंवसा कारखानदारांना नव्हता, हेंच त्याचें कारण.

युद्ध संपल्यावर लेप दिलेलीं भिंगें सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या हातीं आलीं. त्साइसच्या भिंगावर तांबडें ‘टी’ अक्षर झळकूं लागलें. लोक आपलीं जुनीं भिंगेंहि लेपासाठीं पाठवूं लागले. हें नवें भिंग तिरपें धरलें तर त्यावर जांभळट-निळी छटा दिसे. लेपाची जाडी हिरव्या-पिवळ्या प्रकाशासाठीं साधलेली असते; तो आंत शिरतो आणि तांबडा व निळा थोडा परततो, त्याचा हा रंग. ज्यांना हें ठाऊक नव्हतें, त्यांना ही छटा तेलकट डागासारखी वाटली तर त्यांस दोष देतां येणार नाहीं. टेलरच्या गिऱ्हाइकांचीच भीति पन्नास वर्षांनीं पुन्हां उभी राहिली, आणि तिच्यावर तोच जुना उपाय, म्हणजे हातरुमाल, तयार होता.

हातरुमालाचा खरा अपराध कापडांत नसून कापडाखालच्या धुळींत आहे. धुळींत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी कांचेपेक्षां कठीण. खनिजशास्त्राच्या मापांत ती ७ अंशांवर, तर कांच साडेपांचाच्या आसपास. हे कण बोटाच्या दाबानें कांचेवरून फिरले म्हणजे रुमालाचा कानसकागद होतो. फ्लोराइडचा कठीण लेपहि ह्यापुढें टिकत नाहीं. लाइत्स कारखान्याच्या १९३३ सालच्या ‘झुमार’ भिंगाची पुढची कांच तर मुळांतच मऊ होती. त्यामुळें आज जुन्या बाजारांत मिळणाऱ्या झुमारांपैकीं कित्येकांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. ह्या रेघा वापरानें पडलेल्या नसून काळजी घेण्यानें पडलेल्या आहेत.

आतां फिल्टराकडे वळूं. ह्या रंगीत कांचेची कथा क्रॉयडन येथील फ्रेडरिक रॅटन ह्यांच्या कारखान्यापासून धरण्याची रीत आहे. १९०६ सालीं केनेथ मीझ हा तरुण रसायनशास्त्रज्ञ तेथें भागीदार म्हणून आला, सर्व रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा निघूं लागल्या, आणि त्यांच्याबरोबर रंगविलेल्या जिलेटिनचे फिल्टर. १९१२ सालीं कोडॅक कंपनीनें तो कारखाना विकत घेतला. जिलेटिनच्या पापुद्र्याला पाण्याचा थेंबहि सोसत नाहीं. त्यावर बोट उमटलें तर तें कायमचेंच. म्हणून तो पापुद्रा दोन कांचांच्या मध्यें कॅनडा बाल्समनें चिकटवीत. अशा फिल्टरावर पातळ द्रव सढळ हातानें ओतला तर तो कडेनें आंत शिरून चिकटवण सोडवी आणि फिल्टरांत पिसाच्या आकाराचे डाग पसरत. पुढें रंग कांचेच्या रसांतच मिसळूं लागले आणि ही भीति सरली. ध्रुवीकरणाच्या फिल्टरांत मात्र आजहि दोन कांचांमध्यें पापुद्रा असतो, आणि तो पाण्यांत बुडविणें आजहि चूकच.

फिल्टर लावला म्हणजे भिंगाला आणखी दोन पृष्ठें जोडलीं जातात, आणि तींहि सपाट व समांतर. लेप नसेल तर शेंकडा आठ भाग प्रकाश तेथेंच अडतो. त्याहून वाईट म्हणजे, फिल्मवरून किंवा हल्लींच्या कॅमेऱ्यांतील चकचकीत प्रकाशग्राही पट्टीवरून परतलेला उजेड ह्या सपाट कांचेवर आपटून पुन्हां आंत येतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांचीं उलटीं भुतें चित्रांत नाचूं लागतात. भारी किंमतीच्या भिंगापुढें रक्षणासाठीं म्हणून बिनलेपाची स्वस्त कांच बसविणें म्हणजे पैठणीवर गोणपाट पांघरण्यासारखें आहे. मात्र लेपाचा चांगला फिल्टर असेल तर त्याचा एक उपयोग निर्विवाद: पुसण्याचे सगळे घाव तो आपल्या अंगावर घेतो, आणि खराब झाला तर बदलतां येतो.

१९७१ सालीं जपानच्या असाही पेंटॅक्सनें एकावर एक सात थरांचा लेप असलेलीं भिंगें विक्रीस काढलीं. पुढल्याच वर्षीं त्साइसनें आपला बहुथरी लेप आणला. आणि लवकरच फिल्टरांनाहि असे लेप मिळूं लागले. परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याहि खालीं आलें. प्लानारसारख्या रचनांना एका थराच्या लेपानें पुनर्जन्म दिला होता. आतां पंधरा-वीस कांचांचीं भिंगेंहि शक्य झालीं. पण ह्या प्रगतीनें पुसणाऱ्याची पंचाईत वाढविली. बोटाच्या तेलाची वक्रीभवनशक्ति जवळजवळ कांचेइतकीच असते. त्याचा ठसा लेपावर बसला कीं लहरींची ती नाजूक वजाबाकी त्या जागेपुरती मोडते आणि तेथून साध्या कांचेइतका, म्हणजे सभोंवारच्या आठपट वा अधिक, प्रकाश परततो. साध्या कांचेवर जो ठसा दिसलाहि नसता, तो येथें डोळ्यांत भरतो. लेप जितका चांगला, तितका डाग ठळक. आणि डाग जितका ठळक, तितका हात शिवशिवतो.

अनुभवी छायाचित्रकारांनीं ह्यांतून जो क्रम ठरविला तो साधा आहे. प्रथम रबरी फुग्यानें वारा मारून धूळ उडवावी, आणि त्या वेळीं कांचेचें तोंड खालीं असावें. मग मऊ केसांचा कुंचला. त्याला मात्र बोट लावूं नये, नाहींतर हाताचें तेल केसांवरून कांचेवर जातें. इतक्यानें भागलें तर तेथेंच थांबावें, आणि बहुतेक वेळां भागतें. तेलकट डाग उरलाच तर भिंगाच्या कागदावर किंवा स्वच्छ सूक्ष्मतंतु कापडावर भिंगासाठींच्या द्रवाचे एक-दोन थेंब घ्यावे. द्रव कांचेवर कधीं टाकूं नये. तो कडेनें आंत झिरपतो. मधून कडेकडे गोल, हलक्या हातानें पुसावें, आणि वापरलेली जागा पुन्हां कांचेला लावूं नये. खिडक्या पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव आणि नखांचा रंग काढण्याचें असिटोन ह्यांचें येथें काम नाहीं. असिटोन तर कडेचा रंग आणि प्लॅस्टिकहि विरघळवितें. चष्म्यासाठीं मिळणारे सिलिकोन लावलेले कागद वरवर फार सोयीचे वाटतात, पण ते लेपावर स्वतःचाच एक पापुद्रा सोडून जातात. कडींतला साधा फिल्टर काढून नळाच्या धारेखालीं सौम्य साबणानें धुतला तरी चालतें; कोंकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या तुषारांत आणि वाळूंत फिरून आलेल्या फिल्टरास तर ह्यापरतें चांगलें औषध नाहीं. पुसण्याचें कापडहि अधूनमधून धुवावें लागतें, ही साधी गोष्ट कित्येकांच्या ध्यानांतच येत नाहीं.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, तर मग हात न लावणें हेंच बरें. यॉर्कच्या हवेंत तें कदाचित् खपेल. मुंबई, रत्नागिरी, पणजी येथें चार महिने पावसाळा असतो, आणि तेथें भिंगाचा शत्रु निराळाच आहे. दुसऱ्या महायुद्धांत न्यू गिनीच्या ओल्या जंगलांत दुर्बिणींच्या कांचांवर बुरशीचे पांढुरके धागे पसरले आणि उपकरणें आठवड्यांत निकामी होऊं लागलीं. ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांना त्यावर मुद्दाम संशोधन करावें लागलें. बुरशीला कांच खावयास लागत नाहीं. तिला बोटाचें तेल आणि धुळींतला सेंद्रिय कचरा पुरतो. मग तिच्यापासून निघणारें आम्ल प्रथम लेप खातें आणि पुढें कांचहि. बुरशी पुसतां येते, पण तिनें कोरलेली नक्षी पुसतां येत नाहीं. म्हणजे फार पुसण्यानें लेप जातो आणि मुळींच न पुसण्यानेंहि जातो. मे महिन्यांत उमटलेला बोटाचा ठसा जूनपूर्वीं काढावाच लागतो. त्यानंतर भिंग कातडी पेटींत ठेवणें सर्वांत वाईट. कातडें ओल धरून ठेवतें. झांकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी, आणि तिचा रंग बदलला कीं ती तापवून पुन्हां वापरावी.

अलीकडे कारखानदारांनीं बाहेरच्या कांचेवर तेल व पाणी दोन्हीं न चिकटूं देणारा फ्लोरीनयुक्त थर देण्यास सुरुवात केली आहे. त्यावरून थेंब अळवाच्या पानावरून ओघळावा तसा ओघळतो आणि ठसा एका फटक्यांत निघतो. पहिला टिकाऊ लेप फ्लोरीनच्याच कुळांतला होता. त्या लेपाला जपण्याचें कामहि अखेर त्याच कुळाकडे आलें आहे.

जुन्या भिंगांच्या दुकानांत अशीं भिंगें अजून मिळतात, कीं जीं दिव्याखालीं तिरपीं धरलीं तर कडेला, जेथें धातूच्या कडीमुळें कापड पोंचत नसे, तेथें १९४० च्या दशकांतला जांभळा लेप जशाचा तसा दिसतो. आणि मधोमध कांच पांढरी, चकचकीत आणि नितळ झालेली असते.